नाकातून नळी घालायची म्हणजे आई म्हणून मी हरले का?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा. रक्ताचा कॅन्सर, ए.एल.एल., उपचारांचा चौथा महिना. पहिल्या महिन्यात स्टिरॉइड चालू होतं तेव्हा तो रात्री दोनला उठून भात मागायचा. आता दिवसभरात मोजून चार-पाच घास. महिन्याभरात वजन 19 किलोवरून 17.2 वर आलं. डॉक्टर नाकातून पोटात अन्न देणारी नळी घालायचं म्हणतायत. आईने लिहिलंय, "एकेका जेवणाला दोन तास लागतात. शेवटी तोही रडतो, मीही रडते. नळी घालू दिली म्हणजे मी हरलेच ना?"

ताई, आधी थोडक्यात सांगते: नळीला हो म्हणा, आणि उद्यापासून भरवणं थांबवा. आता हे का म्हणते ते सविस्तर. मी गेली अठरा वर्षं मुलांच्या कॅन्सर वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि तुमचा हा प्रश्न शब्दांच्या थोड्याफार फरकाने दर आठवड्याला ऐकते.

महिन्यात 1.8 किलो म्हणजे साडेनऊ टक्के वजन गेलं. 19 मधलं थोडं स्टिरॉइडने साठलेलं पाणी आणि चरबी असणार, त्यामुळे सगळा तोटा खरा नाही. पण थोडा तरी आहेच. म्हणूनच आम्ही काट्यावर एकट्यावर विश्वास ठेवत नाही, दंडाचा घेर टेपने मोजतो. स्टिरॉइडच्या दिवसांत मुलाचा चेहरा गोल, पोट पुढे आलेलं, आणि दंड-मांड्या मात्र काड्या, असं दिसतं. बघणारे म्हणतात, "किती छान बाळसं धरलंय!" आणि आतून स्नायू झिजत असतात. डॉक्टरांना विचारा की दंडाचा घेर मोजलाय का आणि गेल्या वेळेपेक्षा किती कमी झालाय. वजन सतत उतरत राहिलं तर जंतुसंसर्ग जास्त होतात, केमो सोसत नाही, मग डोस पुढे ढकलावे लागतात. डॉक्टरांची घाई त्यासाठी आहे. तुम्ही किती घास भरवलेत ते मोजायला कुणी बसलेलं नाही.

आता तो जेवत का नाही? "नाटकं करतो" हा शब्द घरातल्या कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. मी मुलाच्या न जेवण्याची कारणं केमोच्या तारखेवरून शोधते. तुम्हीही एक साधी वही करा: कोणत्या दिवशी कोणतं औषध, आणि त्या दिवशी काय त्रास. दोन फेऱ्यांत चित्र दिसायला लागतं. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध दिलं असेल तर आतडी मंदावतात. चार दिवस शी झाली नाही, पोट टम्म, मग भूक कुठून लागणार? त्याच औषधाने काही मुलांचा जबडा दुखतो, चावणं नको होतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला "जबडा दुखतोय" असं सांगता येत नाही. तो फक्त घास थुंकतो. मेथोट्रेक्झेट या केमोच्या दुसऱ्या औषधानंतर आठवडाभराने तोंड येतं. अशा वेळी ओठांच्या आतून, जिभेखाली टॉर्चने बघायचं. लाल, पांढरे चट्टे असतील तर त्या आठवड्यात खाण्याचा विषयच काढू नका, आधी दुखणं कमी करणारं औषध मागा. उलटीचं औषध चालू आहे, पण तेही बद्धकोष्ठ वाढवतं, हे बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलं नसतं. स्टिरॉइड थांबल्यावर भूक धाडकन कोसळते ती वेगळीच. तुमच्याकडे चौथ्या महिन्यात यातली दोन-तीन कारणं एकावर एक बसली असणार. शी आणि तोंड या दोन गोष्टी आजच बघा. औषधाने सुधारणाऱ्या आहेत, आणि नुसत्या तेवढ्याने काही मुलं पुन्हा अर्धं ताट खायला लागलेली मी पाहिली आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. केमोमुळे रक्तातल्या पेशी कमी असताना गुदद्वारातून कोणतंही औषध किंवा एनिमा घरच्या घरी द्यायचा नाही.

पण खरी गाठ पुढे आहे. एखाद्या पदार्थानंतर मळमळ झाली की मेंदू तो पदार्थ काळ्या यादीत टाकतो. विषारी फळ पुन्हा खाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. अडचण अशी की उलटी केमोने झाली हे त्या मेंदूला कळत नाही, तो शेवटच्या घासाला दोषी धरतो. 1978 साली सिॲटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या इलीन बर्नस्टीन यांनी हे मुलांमध्येच दाखवलं. पोट बिघडवणाऱ्या केमोच्या जरा आधी मुलांना एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे पुन्हा विचारलं तेव्हा त्यातल्या जेमतेम पाचातल्या एकाने ते घेतलं. ज्यांना केमोआधी आइस्क्रीम दिलं नव्हतं, किंवा आइस्क्रीम दिलं पण तसली केमो नव्हती, अशा मुलांत दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलांनी घेतलं. एकदाच झालेली गाठ एवढं करून जाते.

आता तुमच्या घरातलं चित्र डोळ्यासमोर आणा. केमोच्या दिवशी मुलाला काहीतरी जावं म्हणून आपण त्याच्या सगळ्यात आवडीचं करून नेतो. त्यालाच उलटी होते. पुढच्या वेळी दुसऱ्या आवडीचं नेतो. चार महिन्यांत आवडीचे पाच-सहा पदार्थ आपणच एकेक करून जाळून टाकतो. प्रत्येक आई हेच करते, जिवाचं रान करून करते, त्यामुळे याचा दोष डोक्यावर घेऊ नका. पण आता थांबवा. केमोच्या आधीचे आणि नंतरचे काही तास आवडीचं काहीही द्यायचं नाही. भूक लागलीच तर साधं, फिकं, ज्याच्यावर त्याचा फारसा जीव नाही असं द्या. आणि एक युक्ती आहे, तिलाही आधार आहे. त्याच बर्नस्टीन यांनी 1987 मध्ये आणखी एका अभ्यासात दाखवलं की जेवण आणि केमो यांच्या मध्ये एखादी तीव्र, वेगळ्याच चवीची गोळी चोखायला दिली तर मेंदू त्या गोळीला दोषी धरतो आणि जेवण बरंचसं सुटतं. बळीचा बकराच तो. तुमचा मुलगा लहान आहे, कडक गोळी घशात अडकू शकते, म्हणून त्याच्या जागी वेगळ्या स्वादाचं सरबत दोन घोट द्या. जे पुढे आयुष्यभर त्याला नावडलं तरी चालेल असं निवडा.

याच कारणाने औषध आवडीच्या पदार्थात लपवू नका. मूल दोन वेळा फसतं. तिसऱ्यांदा तो पदार्थ गेला, आणि त्याबरोबर तुमच्या हातावरचा विश्वासही.

आणि काळ्या यादीत फक्त पदार्थ जात नाहीत. वाटी जाते, खुर्ची जाते, भरवणाऱ्याचा हातसुद्धा जातो. आमच्या वॉर्डात सात वर्षांची एक मुलगी होती. वाटीत चमचा वाजल्याचा आवाज पॅसेजमधून आला की ती ओठ आत ओढून घ्यायची. दातांत धरायची अक्षरशः. तिची आई अजून दारातही आलेली नसायची. मी त्या आईला म्हटलं, तीन दिवस हिला काही द्यायचं नाही, विचारायचंही नाही. नळीतून दूध चालू आहे, ती उपाशी नाही. तुम्ही तिच्याजवळ बसून तुमचं तुम्ही जेवा. आईला ते फार जड गेलं. आजारी मुलीसमोर एकटीने कसं खायचं? पहिल्या दिवशी मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी वळून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी आईच्या ताटातला तळलेल्या बटाट्याचा एक काप उचलला, त्यावरचं मीठ चाटलं आणि काप परत ताटात ठेवला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच सांगितलं, काही बोलू नका. त्या वेळी "अरे वा, शाब्बास, आता एक घास खा" एवढं जरी कुणी म्हणालं असतं तरी ओठ पुन्हा आत गेले असते. पोटभर जेवायला तिला पुढे काही महिने लागले. पण सुरुवात त्या मिठाची होती.

म्हणून म्हणते, जबरदस्ती बंद. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी कामाची एक वाटणी सांगितली आहे, मी ती रोज वापरते. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आजारी मुलाच्या बाबतीत ही वाटणी पाळणं पालकांना वेडेपणा वाटतो, कारण "त्याच्यावर सोडलं तर तो काहीच खाणार नाही." इथेच नळी कामाला येते. पोटात किती जायचं याची काळजी नळीने घेतली की ताटासमोर बसून त्याच्याशी भांडायचं कारण उरत नाही.

आता नळीबद्दल. तुम्ही घाबरलात ते साहजिक आहे. दिसायला ती भयंकर दिसते, सगळ्यांना दिसते, आणि मूल आजारी आहे हे लपवता येत नाही. घालताना प्रत्यक्षात मिनिट-दोन मिनिटं लागतात. नाकापासून कानापर्यंत आणि तिथून पोटापर्यंत माप घेतात, नळी ओली करतात, मुलाला पाण्याचे घोट घ्यायला सांगत आत सरकवतात. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं. दोन-तीन दिवस घशात काहीतरी आहे असं वाटतं, मग त्याचं त्यालाही विसरायला होतं. प्लेटलेट कमी असतील किंवा तोंड खूप आलेलं असेल तर थांबतात, म्हणून हे सगळं टोकाला जाण्याआधी घातलेली नळी बरी. आपण "अजून आठवडाभर बघू" म्हणतो आणि नेमक्या त्या आठवड्यात पेशी खाली जातात.

आदल्या दिवशी त्याला खरं सांगा. बाहुलीला किंवा भालूला नळी लावून दाखवा; सिस्टर जुनी नळी देतात. दुखणार नाही असं म्हणू नका. विचित्र वाटेल, थोडा वेळ त्रास होईल, मी हात धरून बसेन, एवढं पुरे. आणि कृपा करून, "जेवला नाहीस तर नळी घालतील" हे वाक्य घरात कुणी म्हणत असेल तर आजच थांबवा. मग नळी शिक्षा होते, आणि ती घातली की मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

घरी नळीतून देण्याआधी प्रत्येक वेळी ती पोटातच आहे का ते बघायचं. सिरिंजने थोडा पाचक रस ओढून आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर तपासतात. पट्टीवरचा आकडा (पीएच) 5.5 किंवा त्याखाली यायला हवा. रस आला नाही, आकडा वर आला, किंवा मूल खोकायला लागलं, तर काहीही आत सोडायचं नाही, वॉर्डला फोन करायचा. ही एक गोष्ट झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली पाहिजे, आणि घरी सोडण्याआधी तुमच्या हाताने तीन-चार वेळा करून बघा. देताना डोकं-छाती निदान 30 अंश वर. रात्री पंपावर सावकाश दिलं तर दिवसा थोडी भूक शिल्लक राहते. पहिल्या दिवसांत आम्ही मुद्दाम कमी देतो आणि रक्त तपासत राहतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं आणि ते हृदयावर येऊ शकतं. त्यामुळे "एवढंसंच का देताय?" म्हणून सिस्टरवर रागावू नका. उलटीत नळी तोंडातून बाहेर येते कधीतरी. पुन्हा घालतात. लागोपाठ येत राहिली, किंवा महिनोन्‌महिने लागणार असं दिसलं, तर पोटावरून थेट नळी बसवायचा विचार होतो.

एक फायदा कुणी बोलत नाही: कडू औषधंही नळीतून जातात. रोजची एक लढाई तिथेच मिटते. पण केमोची गोळी घरी कुटायची नाही, तिची पूड तुमच्या श्वासात जाते. पातळ औषध मिळतं का ते औषधवाल्या विभागाला विचारा.

नळी असताना तोंड चालूच ठेवायचं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं समोर ठेवा, सगळ्यांबरोबर, वीस-पंचवीस मिनिटं, मग ताटली उचला. उरलं तर उरलं. छोटी ताटली घ्या. मोठ्या ताटात थोडं वाढलं तर ते थोडं दिसतं, आणि भरगच्च वाढलं तर मूल आधीच हरतं. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बदला, प्लॅस्टिकचा वापरा. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून मळमळ असेल तेव्हा थंड किंवा कोमट द्या आणि स्वयंपाक चालू असताना त्याला दुसऱ्या खोलीत बसवा. तोंड आलं असेल तर आंबट, तिखट, खरखरीत बाजूला. बर्फ, दही, मऊ अंडं (पूर्ण शिजलेलं) चालतं. जे काही तो खातो त्यात एक छोटा चमचा तेल किंवा लोणी मिसळलं की तेवढ्याच घासात 30-40 कॅलरी वाढतात, चवही फार बदलत नाही. घासांची संख्या वाढवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. रोज तेच एक मागतो? द्या. आठ दिवस फक्त दहीभात खाल्ल्याने आत्ता काही बिघडत नाही.

स्टिरॉइडचे दिवस पुन्हा येतील. बऱ्याच उपचारपद्धतींत पुढेही ठरावीक काळाने काही दिवस असतात. तेव्हा तो खारट-चमचमीत मागेल, चिडेल, रात्री उठेल. "आत्ता खातोय तर भरून घेऊ" असं करू नका. ती भूक औषधाची आहे, आणि त्या दिवसांत साखरही वाढू शकते. पोटभर द्या, फक्त मीठ आणि गोड जरा आवरा.

बाकी सल्ले देणारे खूप भेटतील. साखरेने कॅन्सर वाढतो म्हणून गोड बंद करणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. वजन उतरत असलेल्या मुलाचं गोड तोडण्यात काही हशील नाही. पेशी कमी असताना फळं-भाज्या पूर्ण बंद करायचीही गरज नसते. स्वच्छ धुणं, सोलणं, नीट शिजवणं महत्त्वाचं. कच्चं दूध, कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं मांस आणि दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं अन्न मात्र नको. टॉनिक, जडीबुटी, व्हिटॅमिन काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. यामागे एक जुनी गोष्ट आहे. 1940 च्या दशकात बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की फोलिक ॲसिडच्या जातीची द्रव्यं दिली तर मुलांचा रक्ताचा कॅन्सर उलट जोर धरतो. म्हणून त्यांनी फोलिक ॲसिडला अडवणारं औषध वापरून पाहिलं, आणि 1948 साली पहिल्यांदा अशा मुलांमध्ये तात्पुरता का होईना, आजार मागे हटल्याचं प्रसिद्ध केलं. तुमच्या मुलाचं मेथोट्रेक्झेट त्याच कुळातलं. त्याच्या जोडीला आपण घरी फोलिक ॲसिडचं टॉनिक पाजलं तर औषधाच्याच पायात पाय घालतो.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक पालकाला तक्ता द्यायचे: किती वाजता, काय, किती चमचे. एका मुलाचे वडील तो सुंदर भरून आणायचे. आकडे चांगले, वजन मात्र उतरतंय. मी दोन आठवडे दुधाची पावडर बदलत बसले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, रिकामे रकाने बघवत नव्हते हो, म्हणून भरले." त्यांना मी परीक्षेला बसवलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. आता तक्ता क्वचितच देते, आणि देताना सांगते की रिकामा रकाना हीच मला हवी असलेली माहिती आहे. तुमच्या त्या वहीतही तसंच, "काही नाही" असेल तर तेच लिहा.

फोन केव्हा करायचा ते भिंतीवर लावून ठेवा. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा वर गेला तर लगेच, रात्र असली तरी. तापाचं औषध परस्पर द्यायचं नाही, ताप दबतो आणि मागचा संसर्ग दिसत नाही. ॲस्पॅराजिनेज या केमोच्या औषधानंतर पोटात जोरात दुखायला लागलं, पाठीपर्यंत कळ जायला लागली आणि उलट्या सुरू झाल्या तर ते स्वादुपिंडाचं असू शकतं, थांबू नका. आठ तासांत लघवी नाही, पाण्याचा घोटही राहत नाही, उलटीत रक्त आहे, तरीही तसंच.

उपचार संपले की दुसऱ्या दिवशी मूल ताटावर तुटून पडेल अशी आशा ठेवू नका. काहींना महिने लागतात, आणि गिळण्याची भीती बसलेल्या मुलांना खाण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या थेरपिस्टची मदत लागते. ती मागायला लाजू नका. घरात भावंड असेल तर त्याचं ताट या सगळ्यात विसरलं जातं, तेही बघा.

आणि तुम्ही. दोन तास भरवून झाल्यावर तुम्ही कधी जेवता? बहुतेक उभ्याने, त्याचं उरलेलं. नळी घातली की पहिल्या संध्याकाळी सगळ्यांची ताटं लावा, त्याचीही छोटी ताटली लावा, त्यात दोनच घास ठेवा. त्याच्याकडे न बघता तुमचं गरम जेवण जेवा. तो "नको" म्हणाला तर "बरं" म्हणा आणि वीस मिनिटांनी ताटली उचला.